टेंपोतला रेडिओ आणि आवाजाची वाटणी

श्रोतेहो, अंबरनाथच्या एमआयडीसीत माल भरायला आलेले टेंपो नंबर लागेपर्यंत उभे असतात. तेवढ्या वेळात ड्रायव्हरमंडळींना सोबत असते ती गाडीतल्या रेडिओची. पण एका केबिनमध्ये गाण्याचा शब्दन् शब्द कळतो, तर शेजारच्या केबिनमध्ये नुसतीच धडधड! पैसे तर दोघांनीही मोजलेले असतात. मग फरक कशाने पडतो?

आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 ते 20000 कंपने असलेला आवाज ऐकू येतो. ढोलाचा घुमारा खालच्या टोकाचा, झांजेची किणकिण वरच्या टोकाची. घुमाऱ्यासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, तेव्हा स्पीकरचा पडदा रुंद हवा. झांजेला तो हलका आणि चपळ हवा. एकालाच ही दोन्ही कामे नीट साधत नाहीत, म्हणून मोठा वूफर आणि लहानगा ट्वीटर अशी जोडी लावतात.

मात्र दोघांना सरळ एकाच तारेवर जोडू नये. ढोलाचा ठोका ट्वीटरमध्ये शिरला, की आतली केसासारखी तार जळते आणि कष्टाचे पैसे वाया जातात. ही वाटणी करणाऱ्या उपकरणाला क्रॉसओव्हर म्हणतात. नाव भारदस्त, पण साध्या क्रॉसओव्हरमध्ये मुख्य वस्तू दोनच: कॅपॅसिटर आणि तांब्याच्या तारेची कॉइल. कॅपॅसिटर जलद कंपने पुढे सोडतो, मंद कंपने अडवतो. कॉइलचा स्वभाव नेमका उलटा.

शिक्षकबंधुभगिनींनो, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. गाडीतला स्पीकर बहुधा 4 ओहमचा असतो. 4000 कंपनांवर वाटणी करायची, तर ट्वीटरच्या वाटेत सुमारे 10 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो. तेथून खाली दर सप्तकाला आवाज 6 डेसिबलने उतरतो; म्हणजे दार बंद होत नाही, उतार लागतो. आता तोच कॅपॅसिटर ठेवून 8 ओहमचा ट्वीटर बसवला, तर वाटणी 2000 वर येते आणि नको ती कंपने त्या बिचाऱ्याच्या वाट्याला येतात. तेव्हा दुकानात कुणी ‘कोणताही चालेल’ म्हणाले, तर ओहम विचारून घ्यावा.

खोक्यावरच्या मोठ्या वॉटना भुलू नये. इंजिन चालू असता गाडीत 14 व्होल्टच्या आसपास वीज असते. वेगळा अँप्लिफायर नसेल, तर एवढ्या व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला न फाटता 25 वॉटपेक्षा जास्त मिळणे कठीण. आणि मध्यम लहरींवर भाषण ऐकताना तर ट्वीटर जवळजवळ रिकामाच बसतो. तिथे सुमारे 5000 कंपनांच्या वर फारसे काही येत नाही. एफएमवर 15000 पर्यंत येते.

एक गोष्ट बिनखर्चाची. दोन दारांतल्या वूफरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर घुमारा गायब होतो आणि दोष स्पीकरवर येतो. रेडिओच्या तारा सोडवून वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर आला, तर सेलचे अधिक टोक लागले तेच वूफरचे अधिक टोक. दोन्ही दारांत ते रेडिओच्या अधिक तारेलाच जोडावे.