'मुद्दाम करतो' म्हणण्याआधी

पहिल्या घटक चाचणीच्या वह्या घरी आल्या की काही घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : "येतं हो सगळं त्याला, पण लक्षच देत नाही. मुद्दाम करतो." आज मला बोलायचंय ते या 'मुद्दाम'विषयी.

काही मुलांमध्ये अवधान कमी असतं, काहींत चंचलता फार असते, तर काहींत दोन्ही. डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात. मेंदूच्या वाढीशी निगडित अशी ही अवस्था आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी 1902 मध्ये व्याख्यानं दिली होती. तेव्हा घरात टीव्ही नव्हता, हातात मोबाइल नव्हता. म्हणून सगळा दोष मोबाइलवर टाकून चालणार नाही, आणि आईच्या संस्कारांवर तर नाहीच नाही. हे मूल आवडीच्या खेळात तासभर रमतं. सांगितलेल्या कामावर, सांगितलेल्या वेळी मन आणणं आणि ते टिकवणं मात्र त्याला जड जातं. त्यामुळेच मोठ्यांना वाटतं, मनात आणलं तर करेल की!

चौथीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर भागाकाराची पाच गणितं आहेत. पहिलं बरोबर आलं. दुसऱ्यात वरचा अंक खाली घेताना बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, नजर तिकडे गेली. परत आली तोवर कुठला अंक घ्यायचा होता तेच सुटलं. मग त्यानं तिसरंच गणित मांडलं. तास संपला आणि वहीत लाल शाईचा शेरा आला : 'अपूर्ण'. या मुलाला भागाकार येतो, पण शेरा वाचून ते कुणाला कळणार?

आता त्याच मुलाला खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवू या. चौकटीची वही द्यायची, एका चौकटीत एकच अंक. पाचऐवजी दोन गणितं द्यायची आणि खालच्या भागावर कोरा कागद ठेवायचा. दोन झाली की वही घेऊन बाईंच्या टेबलापाशी यायचं. यात त्याला जागेवरून उठायला मिळतं आणि शाबासकीही तिथल्या तिथे मिळते. मग पुढची दोन. महिनाअखेरीच्या कौतुकाची वाट पाहणं या मुलांना झेपत नाही. सूचनाही एका वेळी एकच द्यावी. "पुस्तक काढा, चाळिसावं पान उघडा, तारीख टाका" यातलं पुस्तक तेवढं त्याच्यापर्यंत पोचतं.

भरलेल्या वर्गात एकेका मुलाकडे कधी पाहायचं, असं शिक्षक विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. पण कोरा कागद आणि बदललेला बाक यांना ना पैसा लागतो ना परवानगी.

शिक्षा म्हणून या मुलांचा खेळाचा तास काढून घेतात, ते मला सर्वांत चुकीचं वाटतं. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण बांधून ठेवतो. मारण्याविषयी तर बोलायलाच नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्याला मनाई आहे.

आणखी एक मूल आपल्या नजरेतून निसटतं : गप्प बसून स्वतःतच हरवलेली मुलगी. तिचा वर्गाला त्रास नसतो, म्हणून वर्षानुवर्षं तिची कुणी चौकशीच करत नाही.

मात्र शिक्षकांनी किंवा शेजाऱ्यांनी परस्पर शिक्का मारू नये. आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या, झोप पुरेशी होते का ते पाहा. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून, निदान सहा महिने टिकून आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे बघूनच तज्ज्ञ निदान करतात. काहींना औषध लागतं. ते द्यायचं की नाही, कधी थांबवायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक सरकारी शाळांत येतं. त्यांच्या यादीत ही अवस्थाही आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. पथक येईल त्या दिवशी आपल्या मुलाविषयी त्यांच्याशी बोला. जाताना त्याची वही बरोबर न्या, आणि वर्गशिक्षकांनाही सोबत घ्या.