घर बघायला पाचजणी

गटातल्या एका ताईला बाजाराच्या गावी घर घ्यायचं होतं. ती, तिची जाऊ, सासूबाई आणि आम्ही दोघी मिळून निघालो. पुरुषमाणसं स्लॅब नि रस्ता बघतात. आम्ही आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठं जातंय ते बघायचो. सासूबाई शेजारणीकडं बसायच्या. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तिथंच कळायचं, मालक थोडाच सांगणार!

तिसरं घर सगळ्यांना आवडलं. मालकानं नमुना ८ चा उतारा पुढं केला. तो घरपट्टीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. आम्ही मिळकत पत्रिका मागितली, तर तिच्यावर त्याच्या दोन बहिणींचीही नावं निघाली. त्यांच्या सह्यांशिवाय इसार द्यायचा नाही, हे सासूबाईंनीच सांगितलं.

मग घर कुणाच्या नावावर? राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. यावरून ताईच्या घरी चार दिवस अबोला होता. आता बहिणींच्या सह्यांची वाट आहे, आणि सासूबाईंनी सुनेला फोटो काढून ठेवायला सांगितलंय.