कॉम्प्युटर सुरू होईना? आधी हे बघूया



आज आपण घरातल्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. आपल्या बऱ्याच जणींच्या घरी आता जुना का होईना, एक कॉम्प्युटर आहे. त्यात पोरांचा अभ्यास असतो, गटाच्या बचतीचा आणि कर्जाचा हिशेब असतो, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी असतात. आणि नेमका बैठकीच्या आदल्या दिवशी तो सुरूच होत नाही. पोटात गोळा येतो. पण कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे हिशेब गेला, असं नाही. हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो आणि बिघाड बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

विहिरीचं पाणी शेतात पोचलं नाही, तर आपण पाटाच्या कडेनं चालत जातो आणि पाणी कुठं फुटलं ते बघतो. इथंही तसंच करायचं. भिंतीवरच्या बोर्डापासून निघायचं.

बटण दाबल्यावर दिवा लागत नाही, पंख्याचा आवाजही येत नाही, म्हणजे वीज पोचत नाही. त्याच बोर्डाला मोबाईलचा चार्जर लावून बघा. मध्ये यूपीएस असेल तर तो काढून वायर सरळ बोर्डात लावा, कारण यूपीएसची बॅटरी काही वर्षांत दमते. सीपीयूच्या मागची पिन नीट आत दाबा. तिथंच एक छोटं बटण असतं. त्यावरची उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. वायर उंदरानं कुरतडलेली दिसली तर हात लावू नका, आधी बोर्डाचं बटण बंद करा.

पंखा फिरतो पण पडदा काळाच आहे? मग मॉनिटरचा दिवा बघा आणि मॉनिटर ते सीपीयू ही वायर दोन्ही टोकांना घट्ट करा. टूं-टूं असा आवाज येत असेल, तर बऱ्याचदा रॅमची पट्टी सैल झालेली असते किंवा तिच्यावर धूळ बसलेली असते. पिन बोर्डातून काढा. सीपीयूचं झाकण उघडा, पत्र्याला एकदा हात लावा आणि मगच पट्टी बाहेर काढा. तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच पुसा, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा आणि पट्टी टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. तोंडानं फुंकर मारू नका, ओल जाते.

पडद्यावर अक्षरं येऊन तिथंच थांबलं, तर लावलेला पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करा. दर वेळी तारीख चुकत असेल, तर आतला बटणासारखा सेल संपलाय. २०३२ नंबरचा सेल मागा.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, सुरू करायचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून बघा.

आता कुठं थांबायचं तेही ऐका. जळका वास आला, ठिणगी दिसली, तर लगेच बंद करा. सीपीयूमधली वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी कधीच उघडू नका, पिन काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. हार्ड डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. हिशेब तिथंच आहे.

मग रिपेअरवाल्याकडे जा, पण आपण काय काय बघितलं ते त्याला सांगा. तो म्हणेल, "फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. तेव्हा ठामपणे म्हणायचं, "दादा, आधी आमचा हिशेब पेन ड्राइव्हवर काढून द्या." कॉम्प्युटर सुरू होत नसला, तरी चांगली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. नवा भाग टाकला तर जुना परत मागा आणि बिल घ्या.

आणि दर बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा. तो पेन ड्राइव्ह मात्र दुसऱ्या सभासद ताईच्या घरी ठेवा. कॉम्प्युटर बंद पडला तरी गटाचं काम थांबायला नको.