सहा अक्षरांचे नाव

भाषेच्या व्यासपीठावर मेनफ्रेमच्या डिस्कांची नावे हा विषय काहींना विचित्र वाटेल. माझी सारी नोकरी त्या डिस्कांत गेली आणि नाव ठेवणे किती जोखमीचे असते, हे मला तिथेच कळले.

आयबीएमच्या झेड/व्हीएम प्रणालीत एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालतात. तिथल्या प्रत्येक डिस्कला, म्हणजे व्हॉल्यूमला, फार तर सहा अक्षरांचे नाव देता येते. कोणाचा तुकडा कुठल्या व्हॉल्यूमवर, कितव्या सिलिंडरपासून आहे, ही नोंद डिरेक्टरीत त्याच नावाने असते. नाव बदलले की त्या साऱ्या नोंदी बदलणे आले. (लग्नानंतर नाव बदललेल्या कुणाही बाईला विचारा.)

एक पद्धत पत्त्याची. पहिली दोन अक्षरे ओळखीची आणि कामाची, पेजिंगला 'पी', स्पूलला 'एस'; उरलेली चार डिस्कच्या पत्त्याची. मध्यरात्री बिघाड शोधणाऱ्याला ही फार सोयीची. पण जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या डिस्कवर हलवला की पत्ता बदलतो, नाव तेच राहते. आपल्या 'कर' आडनावांसारखे: गाव सुटून पिढ्या लोटल्या, नावात गाव आहेच. इंदूर-बडोद्याच्या घरांत ते शोभते. डिस्कवर ती चुकीची माहिती ठरते.

याहून धोक्याचे पुढे आहे. संपूर्ण डिस्कची प्रत काढली की नावही प्रतीत उतरते. दोन्ही जोडलेल्या असताना प्रणाली सुरू केली, तर ती त्या नावाची एकच डिस्क धरते. दुसरी जोडनावाची आहे अशी एक ओळ पडद्यावर येते खरी, पण इतर ओळींच्या गर्दीत वाहून जाते. धरलेली डिस्क जुनी प्रत असली, तर शिळ्या मजकुरावर काम सुरळीत चालू राहते!

खुद्द आयबीएमनेही नावे बदलली. ५.४ आवृत्तीत मुख्य डिस्क '५४०आरईएस' होती. ६.२ मध्ये चार प्रणालींपर्यंतचा समूह करता येऊ लागला, तेव्हा ती 'एम०१आरईएस' झाली, म्हणजे समूहातल्या पहिल्या सदस्याची. आवृत्तीचा आकडा '६२०आरएल१' या वेगळ्या डिस्ककडे गेला. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो.

मी नावात काम आणि अनुक्रमांक घालत असे, पत्ता वेगळ्या नोंदवहीत. आणि प्रत निघाली की इतर काही करण्याआधी तिचे नाव बदलत असे.