आधी ग्रामसभेला विचारा



संमेलनाध्यक्षाने साहित्याच्या प्रवाहांचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आढावा इथले परिसंवाद घेतील. मला आज एकाच मुद्द्यावर बोलायचं आहे आणि आडपडदा न ठेवता बोलायचं आहे. आदिवासींच्या जमिनीवर खाण, धरण, बंदर किंवा कारखाना यायचा असेल, तर ग्रामसभेचा निर्णय आधी झाला पाहिजे आणि सरकारी मंजुरी त्यानंतर. मंजुरी देऊन झाली, पैसा गुंतला, यंत्रं डोंगराच्या पायथ्याशी आली आणि मग गावाला विचारलं, तर गाव काय म्हणतं याला कुणी किंमत देत नाही. ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या हो म्हणण्याला संमती म्हणणं ही फसवणूक आहे. आदिवासींचे हक्क कायद्याच्या पुस्तकात गेल्या तीस वर्षांत वाढत गेले आणि त्याच काळात हा क्रम उलटा करण्याचे प्रयत्नही वाढत गेले. आपली लढाई या क्रमाची आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी गावाशी विचारविनिमय बंधनकारक केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच मान्य केलं, की वननिवासी आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झालेला आहे. त्याच कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, आणि हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही वनजमिनीवरून हटवता येणार नाही अशी तरतूद केली. २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितलं, की वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती जोडलीच पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमतीची अट घातली. यातलं काहीही दानात मिळालेलं नाही. १८५८ मध्ये चांद्याला फासावर गेलेल्या बाबूराव शेडमाकेंपासून नर्मदेच्या काठापर्यंतच्या संघर्षांनी ते मिळवलेलं आहे.

आणि मग मागच्या दाराने काय घडलं? २०१३ मध्येच रस्ते, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना संमतीच्या अटीतून वगळलं गेलं. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तर मुळालाच हात घातला. वनहक्कांची पूर्तता झाली आहे की नाही हे पाहण्यासाठी केंद्राने अंतिम मंजुरी रोखून धरण्याची गरज उरली नाही. ती जबाबदारी राज्य सरकारवर आली, जमीन प्रत्यक्ष सोपवण्याच्या टप्प्यावर. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने या बदलाला आक्षेप घेतला, नियम स्थगित ठेवा असं केंद्राला लेखी कळवलं. आयोग ही घटनात्मक संस्था आहे, आंदोलकांची संघटना नव्हे. तरीही ऐकलं गेलं नाही. दिल्लीची अंतिम मंजुरी हातात असलेल्या कंपनीपुढे कोणता जिल्हाधिकारी ग्रामसभेचा नकार लावून धरेल? कायद्यातलं कलम जागच्या जागी राहिलं, पण त्याची वेळ बदलली, आणि वेळ बदलल्यावर त्याचा जोर गेला.

क्रम मोडला की काय होतं, याचा पुरावा महाराष्ट्राच्या हद्दीतच आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात स्पष्ट अट घातली होती, की जमीन बुडण्याआधी पुनर्वसन झालं पाहिजे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, जवळपास सगळी आदिवासी. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाच्या कारभारावर इतके कठोर ताशेरे ओढले, की पुढच्याच वर्षी बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. धरणाची भिंत मात्र चढत राहिली. आधी पुनर्वसन, नंतर पाणी हा लवादाचा क्रम होता. प्रत्यक्षात पाणी आलं आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळवण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिली. ज्या निवाड्याच्या आधाराने धरण उभं राहिलं, त्याच निवाड्यातली माणसांची बाजू पाळली गेली नाही.

आता गडचिरोलीकडे या. एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे आणि माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचाही आहे. तिथला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. तेव्हा पेसा कायद्याला दहा वर्षं उलटून गेली होती आणि वनहक्क कायदाही संसदेने संमत केलेला होता. सूरजागड इलाक्यातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, जानेवारीतल्या ठाकूरदेवाच्या यात्रेत ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवले. जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी असं २००६ ची पर्यावरणविषयक अधिसूचना सांगते. उत्पादन वाढवण्याच्या प्रस्तावावरची सुनावणी २०२२ मध्ये झाली ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात. पुढच्या वर्षी वर्षाला एक कोटी टन खनिज काढण्याची परवानगी मिळाली. त्याच २०२३ साली तोडगट्टा इथे प्रस्तावित खाणींविरुद्ध अनेक महिने शांततेने बसलेल्या लोकांचं आंदोलन नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी मोडून काढलं. कायद्याने दिलेल्या हक्कासाठी कायद्याच्या चौकटीत बसलेल्या माणसांना उठवणं याला कायदा-सुव्यवस्था म्हणत नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत विखारी आहे. या ग्रामसभा कुणाच्या तरी इशाऱ्यावर चालतात, विरोधामागे माओवादी आहेत, असं सांगितलं जातं. मी निःसंदिग्धपणे सांगतो, की बंदुकीने आदिवासींचं काही भलं केलेलं नाही. पोलीस आणि बंदूकधारी या दोघांच्या कचाट्यात मेला तो गावातलाच माणूस. पण म्हणूनच विचारतो: ज्याने ठराववहीवर सही केली, ज्याने न्यायालयात अर्ज केला, त्याने यापेक्षा अधिक संविधाननिष्ठ असं काय करायला हवं होतं? इशाऱ्याच्या आरोपाचं उत्तर हवं असेल तर ओडिशातल्या नियमगिरीकडे पाहा. तिथे बॉक्साइटच्या खाणीआधीच लांजीगडला वेदांताचा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला होता. म्हणजे क्रम तिथेही उलटाच होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो सुलटा केला आणि प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. सरकारने स्वतः १२ गावं निवडली. जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून बसले. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानेही ती नाकारली. गावं सरकारची, निरीक्षक न्यायाधीश, आणि तरी उत्तर एकमुखी. डोंगरिया कोंधांना आपलं मन माहीत होतं. त्यांना विचारायला देशाला उशीर झाला होता, एवढंच.

दुसरा आक्षेप राष्ट्रहिताचा. देशाला पोलाद हवं, वीज हवी. मूठभर गावांनी अडवलं तर देश पुढे कसा जाणार? देशाला पोलाद हवं हे मला मान्य आहे. आदिवासीही त्याच पोलादाची कुऱ्हाड आणि विळा वापरतो. पण राष्ट्रहिताचा हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडा. २०११ च्या जनगणनेनुसार आदिवासी देशाच्या लोकसंख्येच्या ८.६ टक्के आहेत आणि विकासप्रकल्पांनी विस्थापित झालेल्यांत त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं अभ्यासक सांगत आले आहेत. लाभ सर्वांचा आणि त्याग ठरावीक घरांचा, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत असेल तर तो त्याग राहत नाही, ती सक्ती होते. आणि महाराष्ट्राने तरी हा प्रश्न परका मानू नये. १९२१ मध्ये टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी बुडणार म्हणून मावळातले शेतकरी मुळशीत सत्याग्रहाला उभे राहिले. त्यांचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना महाराष्ट्राने सेनापती म्हटलं आणि आजही अभिमानाने म्हणतो. मुंबईच्या विजेपेक्षा मावळ्याची जमीन त्या लढ्याला मोठी वाटली, म्हणून कुणी त्यांना देशद्रोही ठरवत नाही. मग एटापल्लीच्या माडियाला विकासविरोधी कोणत्या न्यायाने म्हणता?

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो, म्हणून तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. आपलीच शिकलेली मुलं म्हणतात, जंगल राखून पोट भरत नाही, आम्हाला नोकरी हवी. त्यांची गरज खरी आहे; तिला कमी लेखणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण नोकरी कुणाच्या अटीवर, हा प्रश्न त्यांनीही विचारावा. ज्या गावाकडे नकाराचा अधिकार आहे, तेच गाव अटी घालू शकतं: किती जागा, कोणतं प्रशिक्षण, कोणती नदी गढूळ होणार नाही, कोणता डोंगर शाबूत राहील. अधिकार गमावलेल्या गावाला मिळतो तो फाटकावरचा पहारा. आणि जंगल पोट भरत नाही हेही तितकंसं खरं नाही. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. त्यानंतर गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. आज जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. मे महिन्याच्या उन्हात बाई पहाटे जंगलात जाते, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधते, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर मोजून देते. तिच्या पुड्यांची नोंद आता तिच्याच गावाच्या वहीत होते. खाणपट्ट्याची मुदत कायद्याने ५० वर्षं. तेंदू, मोह आणि बांबू दरसाल येतात. या दोन्हींचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवा आणि मग तिला ठरवू द्या. ती हो म्हणाली तर तेही मान्य करायची माझी तयारी आहे. मी खाणींविरुद्ध बोलत नसून गावावाचून घेतलेल्या निर्णयाविरुद्ध बोलतो आहे.

कुणी म्हणेल, साहित्याच्या व्यासपीठावर कलमं आणि परिपत्रकं कशाला? उत्तर वनहक्काच्या नियमांतच आहे. दाव्यासाठी कोणता पुरावा चालतो? सरकारी दप्तराइतकंच गावातल्या वृद्धांचं लेखी नोंदवलेलं कथन चालतं. वंशावळ चालते. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं चालतात. म्हणजे जे आपण लोकसाहित्य म्हणून जपत आलो, ते कायद्यापुढे साक्ष म्हणून उभं राहू शकतं. कोणत्या ओढ्याचं नाव कोणत्या पूर्वजावरून पडलं, कोणत्या झाडाखाली कोणत्या कुळाचा देव आहे, कुठल्या टेकडीवर पुरखांच्या शिळा उभ्या आहेत, हे माडिया, गोंडी, कोरकू, भिली, पावरी, वारली अशा भाषांत सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांचं बोलणं नीट उतरवून घेणं, नकाशाशी जोडणं, ग्रामसभेत वाचून दाखवून ठराववहीत नोंदवणं, हे आजच्या आदिवासी लेखकाचं पहिलं काम आहे. आपल्या वेदनेवरच्या कवितांना शहरी सभागृहांत टाळ्या भरपूर मिळाल्या. त्या टाळ्यांनी एकही खाणपट्टा रद्द झाला नाही. यापुढे आपल्या लेखनाने दाव्याच्या फाइलीत जाऊन बसलं पाहिजे.

म्हणून या संमेलनाने तीन मागण्यांचा ठराव करावा. २०२२ च्या नियमांनी आणलेली ती तरतूद मागे घ्या आणि वनहक्कांची पूर्तता व ग्रामसभेची लेखी संमती यांच्याविना अंतिम मंजुरी देऊ नका. जनसुनावणी आणि ग्रामसभा बाधित गावातच, गावाच्या भाषेत आणि न्यायालयीन निरीक्षकासमोर घ्या. जिथे सामूहिक दावे प्रलंबित आहेत, तिथे ते निकाली निघेपर्यंत नवा खाणपट्टा देऊ नका. यातली एकही मागणी राज्यघटनेबाहेरची नाही. सरकार बदलेल, कंपन्या बदलतील, खनिजाचे भाव चढतील-उतरतील. या मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या ग्रामसभांनी ठराव करणं थांबवू नये, आणि आपण ते लिहून काढणं थांबवू नये.