उलटली तर? : फिन कील असलेल्या शिडाच्या बोटीबद्दल

भोरमधून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, पत्र्याचा आवाज येत असेल तर चालवून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. आपला एक श्रोता मूळचा वेल्ह्याकडचा, नोकरीनिमित्त न्यूझीलंडला असतो. तिकडे तो एक सेकंडहँड शिडाची बोट बघून आलाय. ३४ फुटी, फिन कील असलेली, आत झोपायला जागा, छोटं किचन. गावाकडे आईला फोटो पाठवला, तर आईचा एकच प्रश्न, "आणि उलटली तर रे?" त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून त्याने तो प्रश्न माझ्याकडे ढकलला.

आईचा प्रश्न बरोबर आहे. बोट विकणारा माणूस सोफा दाखवतो, फ्रिज दाखवतो. आईने थेट तळाला हात घातला.

आधी कील म्हणजे काय ते बघू. होडीच्या तळातून पुढून मागे जाणारं मुख्य लाकूड असतं, त्याला कोकणातले जुने सुतार पठाण म्हणतात. जुन्या बोटींत हा कणा जवळजवळ पूर्ण लांबीभर खाली उतरलेला असायचा आणि सुकाणू त्यालाच मागे जोडलेलं असायचं. ती लांब कील. फिन कील म्हणजे माशाच्या पराखारखं एकच अरुंद, खोल पातं, बोटीच्या मधोमध खाली लोंबणारं. ते सहसा लोखंडाचं किंवा शिशाचं असतं आणि बोटीला बोल्टने आवळलेलं असतं. सुकाणू लांब मागे, वेगळं.

हे पातं दोन कामं करतं, आणि बऱ्याच लोकांना त्यातलं एकच माहीत असतं.

पहिलं काम वजनाचं. साधारण ३४ फुटी बोट ६ टनांची धरली, तर त्यातले २ टन किंवा थोडे जास्त नुसते या कीलमध्ये असतात. घरी करून बघा. थर्माकोलच्या तुकड्यात फूटपट्टी उभी खोचा, खालच्या टोकाला एक जड नट-बोल्ट बांधा आणि बादलीत सोडा. बोटाने आडवं करा, सोडा. उठतं. जितकं आडवं कराल तितका तो बोल्ट बाजूला जातो आणि जोरात खाली खेचतो. बोट वाऱ्याने १५-२० अंश कलते तेव्हा नवखा माणूस घाबरतो, पण वजनाचा खरा जोर तिथून पुढे लागायला लागतो. या प्रकारच्या बऱ्याच क्रूझिंग बोटी साधारण १२० अंशांपर्यंत, म्हणजे डोलकाठी पाण्यात टेकून वर थोडं जास्त, इतक्या कलल्या तरी परत उभ्या राहू शकतात.

मालवणकडची उलांडीची होडी याच्या उलट. ती रुंदीवर उभी असते. बाजूला बांधलेलं ते लाकूड तिला सहज कलू देत नाही. पण एकदा का पालथी झाली, की पालथीच खुशाल तरंगते. मी एकदा पानशेतच्या पाण्यात छोट्या डिंगीतून असाच पालथा झालोय. तिला खाली पातं होतं, पण ते लाकडी फळीचं, त्यात वजन शून्य. आम्ही दोघं त्या फळीवर उभे राहिलो तेव्हा ती उठली. म्हणजे वजन आम्हीच!

दुसरं काम जास्त गमतीचं. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा थोडा तिरका केला की हात वर उचलला जातो. (कंडक्टर ओरडेल, करू नका.) कील पाण्यात तेच करते. वारा बाजूने शिडाला ढकलतो, बोट किंचित, चार-पाच अंश, बाजूला घसरत पुढे जाते. त्या तिरकेपणामुळे पाणी पात्यावर तिरकं येतं आणि पातं विमानाच्या पंखासारखं बोटीला वाऱ्याच्या दिशेने ओढून धरतं. म्हणून शिडाची बोट वाऱ्याच्या बऱ्यापैकी समोर चढू शकते. लांब सडपातळ पातं हे काम आखूड-रुंद पात्यापेक्षा चांगलं करतं. पण अट एकच, बोटीला वेग हवा. थांबलेल्या बोटीचा पंख म्हणजे नुसती पाटी. वेग गेला की ती बाजूला वाहत जाते.

शिवाय पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी, म्हणून फिन कील हलक्या वाऱ्यातही पळते. आणि वळते! लांब कीलची बोट वरंध्याच्या घाटातल्या एसटीसारखी असते, वळायला अख्खा रस्ता लागतो, रिव्हर्स तर विचारू नका. फिन कील म्हणजे त्याच घाटातली मोटरसायकल. पण मोटरसायकलवर हात सोडून बिडी पेटवता येत नाही. लांब कील स्वतःची दिशा धरून ठेवते, फिन कीलला सुकाणूवर जास्त लक्ष लागतं.

आता हे दोन्ही प्रकार आपल्याच किनाऱ्यावर घडलेत.

सुहैली. सागवानाची, ३२ फुटी, लांब कीलची, मुंबईत कुलाब्याला बांधलेली. १४ जून १९६८ ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन इंग्लंडमधून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला परत पोचले. एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा, जगात पहिल्यांदा. ३१२ दिवस.

दुसरी म्हादेई. ५६ फुटी, साधारण २३ टन, डच डिझाइन, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात लाकूड आणि फायबरग्लास मिळून बांधलेली. खाली खोल फिन कील. फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. त्याच ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले, चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये परतले, एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. मग नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून न थांबता फिरून आले, साधारण पाच महिन्यांत. सुहैलीला दहा लागले होते. बोटीची लांबी त्यात मोठी गोष्ट आहे, सगळं श्रेय कीलला देऊ नका. म्हादेईची धाकटी बहीण तारिणी २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन फिरली, आणि २०२४-२५ मध्ये दोघींना.

काही जण लगेच म्हणतील, लांब कील ती खरी सुरक्षित. थांबा. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जुन्या पद्धतीच्या लांब कीलच्याच बोटी चालतात. अभिलाष टॉमी सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या थुरिया बोटीत होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळी लाटांनी ती उलटवली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, तीन दिवसांनी सुटका झाली. इतकी मोठी फुटणारी लाट लहान बोटीला बाजूने बसली तर कीलचा प्रकार विचारत नाही. पण ही बोट परत सरळ झाली आणि तरंगत राहिली. आईला सांगायचा मुद्दा हा आहे. खाली वजन असलेली बोट उलटू शकते, पण ते वजन जागेवर असलं तर सहसा उलटी राहत नाही.

जागेवर असलं तर.

मे २०१४. चीकी रफीकी नावाची ४० फुटी फिन कीलची बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत निघालेली, चार जण. उत्तर अटलांटिकमध्ये बोटीत पाणी यायला लागल्याचा निरोप आला. नंतर बोट सापडली ती पालथी, आणि कील गायब. चौघेही गेले. ब्रिटिश चौकशीत कील आधी तळाला आपटल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे सांधा कमजोर झाला असावा असं निघालं. वरून बोट धडधाकट दिसत होती.

फिन कीलची खरी किंमत ही. दोन-अडीच टन वजन एका अरुंद सांध्यावर टांगलेलं, आणि खडकावर आपटलं की अख्खा झटका त्या सांध्यात. पातं मागे ढकललं जातं, पुढची कड उघडते, मागची कड बोटीचा तळ वर दाबते.

म्हणून मित्रा, सोफा नंतर बघ. बोट पाण्याबाहेर काढायला लाव. कील आणि तळ जिथे मिळतात तिथे पुढच्या बाजूला हसऱ्या तोंडासारखी फट दिसते का? गंजाचे ओघळ आहेत? आत फळ्या उचलून बोल्ट बघ, त्यांच्याभोवतीची जाळी, खास करून कीलच्या मागच्या कडेच्या वरची. केसासारखी भेग, नवा रंग, उखडून परत चिकटवल्याची खूण दिसली तर मालकाला सरळ विचार, कधी आपटली होती? कील लोखंडाची की शिशाची तेही विचार. शिसं जास्त जड आणि मऊ, दगडावर आपटलं तर स्वतः चेपतं आणि झटका थोडा पिऊन टाकतं. लोखंड स्वस्त, पण गंजतं. आणि सर्व्हेअरचे पैसे वाचवू नकोस. मालकाने सुचवलेला सर्व्हेअर नको, तुझा तू शोध.

तू विचारलं होतंस, निवृत्तीनंतर ती इकडे आणली तर? खोली अंदाजे पावणेदोन-दोन मीटर लागेल. मुंबई-गोवा बाहेरच्या समुद्रातून मजेत. कोकणातल्या खाड्यांत मात्र ओहोटीला चिखलात रुतेल, आणि लांब कीलसारखी नीट टेकणारही नाही, एका पायावर उभ्या बगळ्यासारखी कलंडेल. आपल्या गलबतांचे तळ उथळ होते ते उगाच नाही. आणि भाटघरचं स्वप्न सोड. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ बाहेर येतं, तिथे तुझी बोट काय करणार!

आईला माझ्या वतीने एवढं सांग: उलटली तरी उठेल, काकू, बोल्ट धड असतील तर. आणि बोल्ट बघितल्याशिवाय तो पैसे देणार नाही. काय ते तू बघून घे, सर्व्हे रिपोर्ट आला की मला पाठव, आपण त्यावरच बोलू.

सुकाणूचं आज राहिलंच. ते पुढच्या भागात.