गाडीचा फोटो : आधी उजेड, मग कॅमेरा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आमच्याकडे विषय आला आहे तो आमच्या छंदाचा : मोटारगाड्यांचे फोटो काढणे. आम्ही चौघे नोकरदार माणसं, कोणी सरकारी कचेरीत, कोणी कारखान्यात. वेळ म्हणजे रविवार सकाळ. चौघांत मिळून एक सेकंडहँड कॅमेरा, बाकी सगळं मोबाईलवर. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते इथे बसलेल्या कोणालाही जमेल.

‘गाडीचा फोटो काढण्यात काय शिकायचं?’ असं आम्हाला नेहमी विचारतात. घरी गेल्यावर जुना अल्बम उघडून पाहा. गाडी घरी आली त्या दिवसाचा फोटो सापडेल. आजोबा, आजी, काका, आत्या, पुढे पोरंटोरं, सगळे गाडीपुढे ओळीने उभे. गाडी मात्र एक आरसा आणि अर्धं चाक एवढीच. ज्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिचा धड एक फोटो घरात नसतो.

आणि आता त्या गाड्या चालल्या आहेत. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेली, २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी अँबॅसडरही बंद झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. बहुतेक घरांत त्याच वेळी ‘आता काढून टाकू’ हा निर्णय होतो. म्हणून आमचं म्हणणं, गाडी दारात आहे तोवर तिचा एक चांगला फोटो काढून ठेवा.

आता तो कसा काढायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट, गाडी हा चाकांवरचा आरसा आहे. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, गाडीच्या पत्र्यात आजूबाजूचं सगळं उमटतं. विजेचा खांब, समोरची टपरी, वाळत घातलेले कपडे आणि फोटो काढणारे आपण स्वतः! म्हणून बटण दाबण्याआधी दारं आणि बोनेट नीट न्याहाळायचं. नको ते दिसलं, तर गाडी चार फूट पुढेमागे घ्यायची किंवा आपण सरकायचं. आम्ही चौघे गडद कपडे घालून जातो, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट उजेड. भर दुपारी टप झळकतो आणि खालचा भाग काळा पडतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्ताआधीचा शेवटचा तास उत्तम. सूर्य बुडाल्यावरही पंधरावीस मिनिटं आकाशाचा मऊ उजेड पत्र्यावर पसरतो, गाडीची घडण खरी दिसते ती तेव्हा. भाद्रपदातल्या ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका, तो उजेड सगळीकडे सारखा पडतो. पाऊस नुकताच थांबला असेल, तर ओल्या रस्त्यात गाडीचं प्रतिबिंब फुकटात मिळतं.

तिसरी गोष्ट, उभं कुठे राहायचं. मोबाईल जवळ नेला की गाडीचं नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. दहाबारा पावलं मागे या आणि दुप्पट झूम करा. उभ्याने काढू नका, हेडलाइटच्या उंचीला बसा. समोरून थोडं तिरकं, म्हणजे तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील असं. स्टेअरिंग आपल्या विरुद्ध बाजूला वळवून ठेवलं की पुढच्या चाकाची रिम आपल्याकडे येते, नाहीतर नुसता टायर दिसतो. टपातून झाड किंवा खांब उगवलेला नाही ना, तेही पाहा.

कॅमेरा असेल तर पोलरायझर फिल्टर घ्या. तो फिरवला की काचेवरची आणि रंगावरची चकाकी कमी होते आणि आतली सीट दिसू लागते. क्रोमच्या बंपरवर मात्र त्याची मात्रा चालत नाही, आणि उजेडही थोडा कमी होतो.

धावत्या गाडीसाठी शटर एक साठांश सेकंदाच्या आसपास ठेवून, गाडीबरोबर कॅमेरा एकाच वेगाने फिरवायचा. गाडी स्पष्ट येते, मागचा रस्ता पुसट होतो. वीसात दोन फोटो जमले तरी खूश व्हायचं. पण हे फुटपाथवरून करा, दुभाजकावर उभं राहून नव्हे.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, बेंटले बघायला बडोदं लोटलं होतं. अशा ठिकाणी गर्दीत पूर्ण गाडी मिळत नाही. तिथे तुकडे टिपावेत : बोनेटवरची मूर्ती, चाकाचे आरे, लाकडी स्टेअरिंग. बोनेटमध्ये उमटलेला राजवाड्याचा मनोरा दिसला, तर तोच फोटो.

पण आमचा सगळ्यात आवडता फोटो राजवाड्यातला नाही. रावपुऱ्यातल्या एका काकांची पद्मिनी भंगारात द्यायचं ठरलं होतं. आम्ही दोन रविवार मागितले. धुतली, पण पॉलिश केली नाही. पोळीच्या तोंडाशी सकाळच्या उजेडात उभी केली. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती, मागच्या काचेवरचं मुलीच्या शाळेचं फिकट स्टिकर, काकांच्या हाताने गुळगुळीत झालेली गिअरची मूठ, सगळं वेगवेगळं टिपलं. शेवटी काकांना गाडीपुढे नाही, गाडीशेजारी उभं केलं. आज काकाही नाहीत, गाडीही नाही. काकू म्हणाल्या, “यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण हे असे हसताना दुसरा नाही.” लेकीने त्या मुठीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे.

दोन सूचना पाळा. दुसऱ्याची गाडी असेल तर आधी विचारा, आणि फोटो ग्रुपवर टाकताना नंबरप्लेट झाका.

थोड्याच दिवसांत दसरा येईल. गाडी धुतली जाईल, झेंडूचा हार चढेल, हळदकुंकू लागेल. त्या दिवशी पूजा शक्यतो सकाळी लवकर करा. घरच्यांना गाडीच्या दोन्ही बाजूंना उभं करा, दहा पावलं मागे या आणि खाली बसून फोटो घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी आम्हाला हाक मारावी, आम्ही चौघे कॅमेरा घेऊन येऊ. चहा मात्र पाजावा लागेल.

गणपती बाप्पा मोरया!